हत्तीण नेलीत, आता हिशेबही द्या

प्रति,
बंदिवासातील हत्तींच्या सुटकेसाठी न्यायालयीन लढे देणाऱ्या प्राणिहक्क संघटनांचे पदाधिकारी व कार्यकर्ते यांस

विषय : नांदणीच्या हत्तिणीचे स्थलांतर आणि त्यानंतरची तुमची जबाबदारी

सप्रेम नमस्कार.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठाच्या महादेवी ऊर्फ माधुरी हत्तिणीला गुजरातेत जामनगरला रिलायन्स समूहाच्या ‘वनतारा’शी जोडलेल्या केंद्रात हलवावे, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने १६ जुलै २०२५ रोजी दिला. २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने मठाची याचिका फेटाळली आणि त्याच दिवशी हत्तीण मठाबाहेर पडली. त्यानंतर आमच्या भागात जे घडले ते तुम्ही पाहिलेच असेल. पोलिसांच्या वाहनांवर दगड पडले, त्याच समूहाच्या मोबाइल कंपनीची सेवा लोकांनी ठरवून सोडली आणि ३ ऑगस्टला नांदणीपासून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत हजारो माणसे चालत गेली. या सगळ्यात मठ बोलला, आमदार-खासदार बोलले, मुख्यमंत्र्यांनी बैठक घेतली, जामनगरच्या संस्थेनेही निवेदन काढले. ज्यांच्या तक्रारींतून हे प्रकरण उभे राहिले त्या तुमच्या चळवळीपैकी कोणी गावात येऊन लोकांसमोर बसल्याचे मात्र निदान माझ्या पाहण्यात नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहीत आहे, आणि ते इतरांनीही वाचावे म्हणून उघडपणे लिहीत आहे.

मी पशुसंवर्धन विभागातून पशुधन विकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो. अडलेल्या म्हशी सोडवणे, बैलांचे सुजलेले खांदे आणि लाळ्या-खुरकुताच्या लसी यांतच माझी बहुतेक नोकरी गेली. पण कृष्णा-पंचगंगेच्या या पट्ट्यात मठ-देवस्थानांच्या दारी हत्ती बांधण्याची जुनी रीत असल्यामुळे, आणि हत्तीवर उपचार करणारा तज्ज्ञ शंभर कोसांत मिळत नसल्यामुळे, हत्तीचा पाय सुजला की लोक तालुक्याच्या डॉक्टरलाच बोलावणे धाडीत. शिवाय मी ज्या घरात वाढलो तिथे पंचकल्याणक पूजेची मिरवणूक हत्तीवाचून कोणी कल्पिली नव्हती. तेव्हा गावाची श्रद्धा आणि हत्तीच्या तळव्यातला पू, दोन्ही मी जवळून पाहिले आहेत. या पत्रामागे माझा अधिकार असेल तर तो एवढाच.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो, की हत्ती दारात बांधण्याच्या बाजूने मी नाही. बंदिवासातील हत्तींची प्रकरणे पाहण्यासाठी न्यायालयाने नेमलेल्या उच्चाधिकार समितीपुढे या हत्तिणीच्या पायांचे विकार, वाढलेली नखे आणि अंगावरच्या जखमा यांच्या नोंदी आल्या, तिला परवानगीविना तेलंगणात मिरवणुकीसाठी नेल्याची बाब न्यायालयापुढे आली, आणि माणसाच्या धार्मिक वापराच्या हक्कापेक्षा प्राण्याच्या चांगल्या जगण्याचा हक्क मोठा असे न्यायालयाने म्हटले. यांतल्या कशावरही माझा आक्षेप नाही. ‘ती आमची लेक आहे’ असे म्हणणाऱ्या आमच्या माणसांना मी तोंडावर विचारले आहे, की लेकीला फरशीवर साखळदंडाने बांधून ढोलताशांच्या कल्लोळात तासन्‌तास कोण उभे करतो? या प्रश्नामुळे काही घरांतला चहा मला बंद झाला. त्याचे वाईट वाटत नाही. वाईट याचे वाटते, की हा प्रश्न गावात विचारण्याचे काम तुम्ही कधी केलेच नाही आणि थेट न्यायालयाचे दार ठोठावून मोकळे झालात.

माझी पहिली तक्रार हीच आहे. हत्तिणीला नेण्याचे कारण वैद्यकीय होते, आणि ते वैद्यकीय कारण गावाला समजेल अशा भाषेत कोणी समजावलेच नाही. तीन टन वजनाचा हा प्राणी सगळा भार बोटांच्या टोकांवर आणि टाचेखालच्या चरबीच्या गादीवर पेलतो. रानात माती, वाळू, दगड, चिखल अशा बदलत्या जमिनीवर तो रोज चालत राहतो, त्यामुळे नखे आणि तळवा आपोआप झिजतात. तोच हत्ती काँक्रीटवर उभा राहिला, त्याच्या पायाखाली मूत्र आणि लेंडीचा ओलावा राहिला, की तळवा मऊ पडतो, नखाला चीर जाते, चिरेतून जंतू आत शिरतात आणि पू हाडापर्यंत पोहोचतो. सांधे आखडले की हत्ती आडवा व्हायला घाबरतो, कारण एकदा निजला की उठता येईल याची त्याला खात्री नसते; निजलाच तर कठीण जमिनीवर कुल्ल्याला आणि गालाला दाबाच्या जखमा होतात. म्हणून शहाणा माणूस हत्तीच्या जागेत वाळूचा उंच ढीग घालतो, म्हणजे त्याला रेलून झोपता येते आणि उठताना टेकू मिळतो.

एवढे सांगायला अर्धा तास पुरतो. शिरोळ तालुका उसाचा आणि दुभत्या जनावरांचा आहे; पायाने अधू झालेल्या जनावराचे काय होते हे इथल्या शेतकऱ्याला पशुवैद्यक महाविद्यालयात जाऊन शिकावे लागत नाही. तळव्याचे एक्स-रे, जखमांची छायाचित्रे, तपासणाऱ्या डॉक्टरांची मते हे सगळे तुमच्याकडे आणि समितीकडे होते. ते मराठीत छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावले असते, एखादा पशुवैद्यक गावच्या सभेत उभा केला असता, तर मोर्चा निघालाच नसता असे मी म्हणत नाही. पण मोर्च्यातल्या निम्म्या माणसांना निदान ठाऊक असते, की हत्तीण आजारी होती. आज विचाराल तर माणसे सांगतात, की धडधाकट जनावर एका श्रीमंताने हौसेखातर नेले. ही समजूत चुकीची आहे, आणि ती रुजण्याला तुमचे मौन कारण आहे.

दुसरी तक्रार माझ्या स्वतःच्या अनुभवाची आहे. त्या देवस्थानाचे आणि त्या संघटनेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी एका हत्तिणीच्या पुढच्या उजव्या पायाच्या नखात पू झाला होता. तिला कुशीवर निजवले होते, माहूत कानाशी बसून तिच्याशी सारखा बोलत होता, आणि मी खूर कापायच्या वाकड्या सुरीने मेलेला भाग कोरून काढीत होतो. असा पू काढताना जिवंत मांस लागेपर्यंत कापावेच लागते, रक्त येतेच आणि जनावर ओरडतेच. मग कानशीने कडा घासायच्या, पोटॅशियम परमँगनेटच्या कोमट पाण्यात पाय बुडवायचा आणि हेच रोज, कित्येक आठवडे करायचे. कुंपणापलीकडून दोन तरुण चित्रीकरण करीत होते. चार दिवसांनी ती चित्रफीत ‘देवाच्या नावाखाली छळ’ अशा मथळ्याने फिरू लागली. तीत सुरी होती, रक्त होते, माहुताच्या हातातला अंकुश होता, हत्तिणीचे ओरडणे होते. औषधाची बादली तेवढी नव्हती. विश्वस्त घाबरले आणि त्यांनी बाहेरच्या कोणालाही, मलासुद्धा, आत घेणे बंद केले. पाय अर्ध्यावर राहिला. मी त्या संघटनेला लिहिलेल्या पत्राला पोच आली, उत्तर आले नाही.

हा एखाद-दुसऱ्या उत्साही स्वयंसेवकाचा दोष आहे असे म्हणून तुम्ही हात झटकाल, तर ते मला मान्य नाही. तुमच्या मोहिमा चित्रफितींवर चालतात, देणग्या चित्रफितींवर येतात, आणि चित्रफितीला पूर्ण सत्यापेक्षा अर्धे सत्य अधिक मानवते. ज्याच्या वेदनेचे चित्र तुम्ही दाखवता तो प्राणी त्या चित्राला संमती देऊ शकत नाही, खुलासाही करू शकत नाही. अशा वेळी चित्र काढणाऱ्याची जबाबदारी दुप्पट होते, असे मला वाटते.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही या सगळ्याला ‘सुटका’ म्हणता. सुटका कशातून कशात? नांदणीची हत्तीण रानात गेलेली नाही, आणि जाऊही शकत नव्हती. देशात सुमारे अडीच हजार हत्ती माणसाच्या ताब्यात आहेत. त्यांतल्या बहुतेकांना कळप माहीत नाही, रानातला चारा ओळखता येत नाही, माणसांकडून जडलेला क्षयरोग त्यांच्याबरोबर रानात जाण्याची भीती आहे, आणि माणसाला न बिचकणारा हत्ती शेतात शिरला की काय होते हे आमच्या जिल्ह्यातल्या चंदगड-आजऱ्याच्या किंवा सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या शेतकऱ्याला विचारावे. तेव्हा या हत्तींपुरता बंदिवास की स्वातंत्र्य हा प्रश्न नाहीच. कोणता बंदिवास, कोणाच्या देखरेखीखाली, कोणाला जाब विचारता येईल अशा जागी, एवढाच प्रश्न उरतो. तुमच्या घोषणांमध्ये नेमका हाच प्रश्न गाळलेला असतो.

आमच्याच जिल्ह्यातले जुने उदाहरण घ्या. जोतिबाला २००७ साली अर्पण केलेला ‘सुंदर’ हत्ती पुढे वारणानगरच्या शेडमध्ये साखळदंडात राहिला. त्याच्यासाठी तुम्ही लढलात, परदेशातल्या नामवंतांनीही पत्रे लिहिली, आणि २०१४ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने तो बन्नेरघट्ट्याच्या जैविक उद्यानात गेला. तो लढा मला आजही योग्य वाटतो. तो जिथे गेला ती जागा कर्नाटक सरकारच्या प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची आहे. तिथे इतर हत्ती आहेत, जवळ जंगल आहे. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोल्हापूरचा कोणीही माणूस उद्या माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून सुंदरची प्रकृती विचारू शकतो. महादेवी गेली ती एका खासगी विश्वस्त संस्थेकडे, हजार किलोमीटरहून अधिक दूर. तिथले रुग्णालय, जलोपचार आणि डॉक्टर आमच्याकडच्या कोणत्याही सोयीपेक्षा उजवे असतील, हे मी तज्ज्ञ म्हणून मान्य करतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये या संस्थेच्या चौकशीसाठी माजी न्यायमूर्ती चेलमेश्वर यांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले, आणि सप्टेंबरमध्ये त्या पथकाने संस्थेला निर्दोष ठरवले, हेही मान्य करतो. परंतु त्या अहवालाचा सारांश तेवढा लोकांपुढे आला आणि पूर्ण अहवाल मोहोरबंद राहिला. मठाच्या दारात हत्तीण होती तेव्हा तुम्ही तिची छायाचित्रे काढू शकत होता, तपासणीची मागणी करू शकत होता, तक्रार करू शकत होता. आता तिच्याबाबत हे कोण करणार?

२०२२ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि मालकीचे प्रमाणपत्र असलेला हत्ती ‘धार्मिक किंवा अन्य कोणत्याही प्रयोजनासाठी’ हस्तांतरित करण्याची वाट मोकळी झाली. त्या वेळी देशभरातल्या अनेक वन्यजीवप्रेमींनी ‘अन्य कोणत्याही’ या शब्दांना विरोध केला होता, आणि तो रास्त होता. आज त्याच मोकळ्या वाटेने हत्ती एका जागेहून दुसऱ्या जागी जात असताना विरोधाचा तो आवाज कुठे गेला? देवळाचा विश्वस्त आणि धनाढ्य विश्वस्त यांना लावायची मापे वेगळी असतील, तर तुमची भूमिका प्राण्याच्या बाजूची आहे यावर लोक विश्वास कसा ठेवतील? गावात तर उघड म्हटले जाते, की कार्यकर्ते गरिबाचा हत्ती सोडवतात आणि श्रीमंताच्या फाटकाशी थबकतात. मी तसे म्हणत नाही. पण हे खोटे आहे असे ठणकावून सांगायला मला तुमच्याकडून काही कागद हवेत, आणि ते अजून मिळालेले नाहीत.

याच संदर्भात गडचिरोलीतल्या कमलापूरचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. राज्याच्या वनविभागाचा तो हत्ती कॅम्प आहे. तिथे माहूत आणि चाराकटर सरकारी व्यवस्थेत काम करतात, आणि हत्ती जंगलात चरायला जातात. २०२२ मध्ये तिथले हत्ती जामनगरला हलवण्याचा प्रस्ताव आला तेव्हा स्थानिक लोक विरोधात उभे राहिले. महाराष्ट्रात हत्तींसाठी सार्वजनिक, लोकांच्या नजरेखाली चालणारी जागा उभी राहू शकते याचा जिवंत पुरावा म्हणजे कमलापूर. तिथे डॉक्टर वाढवा, एक्स-रे यंत्र द्या, पद भरा, यासाठी तुमच्या मोठ्या संघटनांपैकी कोणी न्यायालयात गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही. प्राणी बाहेर काढण्यासाठी याचिका होतात. तो चांगला ठेवता येईल अशी सरकारी जागा सुधारण्यासाठी होत नाहीत. आणि सरकारी जागाही आपोआप चांगली असते असे नाही. झिम्बाब्वेहून भेट म्हणून आलेला ‘शंकर’ हा आफ्रिकी हत्ती दिल्लीच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात जोडीदारीण गेल्यावर वर्षानुवर्षे एकटा राहिला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये एकटाच मेला. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ मध्येच प्राणिसंग्रहालये आणि सर्कशींतले हत्ती हलवण्याचे निर्देश दिले होते. तरी शंकर शेवटपर्यंत तिथेच होता.

घाईबद्दलही बोलले पाहिजे. पाकिस्तानातले उदाहरण आमच्या चावडीवर देणे धाडसाचेच, पण ते चांगले आहे. इस्लामाबादच्या प्राणिसंग्रहालयातला ‘कावन’ हत्ती २०२० मध्ये न्यायालयाच्या आदेशाने कंबोडियाच्या अभयारण्यात गेला. आदेश मे महिन्यात झाला आणि हत्ती नोव्हेंबरअखेर हलला. मधल्या काळात परदेशी पशुवैद्यकांनी त्याचे वजन उतरवले, त्याचा विश्वास मिळवला आणि प्रवासाच्या पिंजऱ्यात स्वतःहून शिरण्याची त्याला सवय लावली. आमच्याकडे उच्च न्यायालयाच्या निकालापासून बारा दिवसांत, पोलीस बंदोबस्तात आणि रडणाऱ्या-ओरडणाऱ्या गर्दीतून हत्तीण वाहनात चढवली गेली. आदेश न्यायालयाचा होता आणि मुदतही न्यायालयाने घालून दिली होती, हे खरे. पण हत्तीच्या मनाची काळजी वाहणाऱ्या संघटनांनी न्यायालयाकडे आणखी वेळ मागायला हवा होता. १९९२ पासून जी जागा तिला ठाऊक होती ती सुटताना तिच्यावर येणारा ताण हाही वैद्यकीय मुद्दाच आहे.

राहिला माहूत. त्याच्याविषयी मला सर्वांत अधिक चीड आहे, म्हणून थोडे सावरून लिहितो. तुमच्या पत्रकांत माहूत अंकुश धरलेला क्रूर माणूस म्हणून येतो, आणि हत्ती गेला की तो पत्रकातूनही जातो आणि पोटापाण्यातूनही. काही माहूत खरोखर क्रूर असतात. मी पाहिले आहेत. पण बहुतेक जण अल्प पगारावर, विम्याशिवाय, हत्तीच्या शेजारी झोपणारी माणसे असतात. हत्तीची सोंड आज कशी लटकते, लेंडी कशी पडली, कान हलायचे का थांबले, हे डॉक्टरच्या आधी त्यांना कळते. ज्या व्यवस्थेने हत्तीला फरशीवर उभे केले तिनेच माहुताला त्याच्या शेजारी उभे केले.

आणि हे काम निराळ्या रीतीने करता येते हे आपल्याच देशात सिद्ध झाले आहे. अस्वले नाचवणारे कलंदर पिढ्यान्‌पिढ्या त्यावर जगत होते. वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेने आग्र्याला अस्वलांचे केंद्र काढले, आणि अस्वल स्वाधीन करणाऱ्या कलंदराला दुसरा धंदा सुरू करायला भांडवल दिले, बायकांना काम शिकवले, मुलांच्या शाळेची सोय केली. २००९ च्या अखेरीस नाचणारे शेवटचे ज्ञात अस्वल त्यांच्याकडे आले. अस्वले नाचवण्यावर कायद्याने बंदी त्याच्या कितीतरी आधीपासून होती; ती प्रत्यक्षात उतरली ती माणसांची सोय झाल्यावर. त्रिशूर जिल्ह्यातल्या एका मंदिरात २०२३ मध्ये तुमच्याच पुढाकाराने यांत्रिक हत्ती उभा राहिला, ही कल्पनाही मला चांगली वाटते, आमच्या मिरवणुकांनाही ती शोभेल. मात्र यांत्रिक हत्तीला माहूत लागत नाही, हे लक्षात ठेवून पुढचा विचार करावा लागेल.

ऑगस्टमधल्या बैठकांनंतर नांदणी परिसरातच हत्तींचे पुनर्वसन केंद्र उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला, आणि तो उच्चाधिकार समितीपुढे नेण्याचे ठरले. आमची माणसे खूश आहेत, कारण त्यांना वाटते की हत्तीण परत येणार आणि पालखीपुढे पुन्हा चालणार. मला ती शक्यता पसंत नाही. असे केंद्र झालेच तर ते हत्तींसाठी असावे. मिरवणूक, आशीर्वाद, सोंडेने पैसे घेणे यांतले काहीही तिथे नसावे, आणि नवा हत्ती कोणत्याही मठाने वा मंदिराने यापुढे आणू नये. ही अट गावाला कडू लागणार आहे. ती गावाच्या गळी उतरवण्याच्या कामात तुम्ही आमच्यासोबत उभे राहिलात, तर तुमच्या चळवळीविषयी इथे जो राग साचला आहे तो थोडा तरी निवळेल.

तेव्हा मागण्या स्पष्ट लिहितो.

महादेवीच्या स्थलांतराआधीचे सर्व तपासणी अहवाल, एक्स-रे आणि छायाचित्रे, न्यायालयाची हरकत नसलेली, मराठीत प्रसिद्ध करावीत. हलवल्यानंतरची तिची प्रकृती वर्षातून निदान दोनदा, तुमच्याशीही आणि जामनगरच्या संस्थेशीही संबंध नसलेल्या पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावी, आणि तो अहवाल मठाला, ग्रामपंचायतीला व वनविभागाला मराठीत मिळावा अशी विनंती तुम्हीच समितीकडे करावी. तुम्ही लढून हलवलेल्या प्रत्येक हत्तीसाठी हाच नियम असावा.

यापुढे कोणत्याही हत्तीसाठी याचिका दाखल कराल तेव्हा माहुताचा आणि त्याच्या कुटुंबाचा चरितार्थ हा तिच्यातला एक मुद्दा असावा, परिशिष्टातली सहानुभूती नव्हे. हत्तीला नेण्याआधी प्रवासाची सवय लावायला पुरेसा वेळ मागावा. शक्य असेल तर ओळखीचा माहूत काही महिने सोबत पाठवावा.

ज्या संस्थेकडे हत्ती पाठवण्याचा आग्रह तुम्ही धरता तिच्याकडून तुमच्या संघटनेला देणगी, प्रवासखर्च, मानधन किंवा अन्य लाभ मिळतो का, हे दरवर्षी जाहीर करावे. मिळत नसेल तर तसे लिहायला एक ओळ पुरते.

उपचार चालू असताना काढलेली कोणतीही चित्रफीत उपचार करणाऱ्या डॉक्टरचे म्हणणे न घेता प्रसिद्ध करू नये, आणि चूक झाली असेल तर जितक्या लोकांपर्यंत ती गेली तितक्यांपर्यंत खुलासाही जावा.

आणि पश्चिम महाराष्ट्रात वनविभागाच्या अखत्यारीत, माहितीच्या अधिकाराच्या कक्षेत येणारे, पूर्णवेळ वन्यजीव पशुवैद्यक असलेले हत्ती-शुश्रूषा केंद्र व्हावे, तसेच कमलापूरचा कॅम्प सक्षम करावा, या मागणीला तुम्ही लेखी पाठिंबा द्यावा. तुमचे वकील नामांकित आहेत; त्यांनी एक याचिका यासाठीही करावी.

या पत्राची प्रत मठाच्या विश्वस्तांना आणि कोल्हापूरच्या उपवनसंरक्षकांनाही पाठवीत आहे. त्यांच्यासाठी माझ्याकडे वेगळे प्रश्न आहेत आणि ते त्यांना वेगळे लिहिले आहेत. तुमच्यापैकी कोणी नांदणीत यायला तयार असेल तर सभेची व्यवस्था मी करतो. लोक चिडलेले आहेत, पण ऐकून घेतील. येताना तळव्यांचे एक्स-रे बरोबर आणा. ते लोकांना समजावून सांगायला मी उभा राहीन.

आपला,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी
तालुका शिरोळ, जिल्हा कोल्हापूर